बंद करून परत चालू केलं का?

कॉम्प्युटरच्या धंद्यात पडलेल्या प्रत्येकाच्या तोंडी हे वाक्य बसलेलं असतं. नातेवाईकाचा फोन येतो, समोरून "अरे, ते नेट चालत नाहीये" एवढं ऐकू आलं की पुढचं काही ऐकायच्या आत आपण विचारतो, "बंद करून परत चालू केलंत का?" बऱ्याचदा काम होतं. आपला फोन सुटतो, त्यांचं नेट सुरू होतं, आणि वर "पोरगा हुशार आहे हो" अशी शाबासकी मिळते. मीही ही शाबासकी बरीच वर्षं फुकट खाल्लेली आहे.

पण गणपतीत मिरजेला काकांकडे गेलो होतो, तिथे जे बघितलं त्यानंतर या वाक्याची थोडी लाजच वाटायला लागली. म्हणून आजचा विषय हा. घरातलं, दुकानातलं, दवाखान्यातलं छोटं नेटवर्क बिघडलं तर काय करावं, आणि मुख्य म्हणजे काय करून थांबू नये.

काकांची मिरजेत छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. तीन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि एक रूटर. झालं, एवढंच नेटवर्क. माणसंही मोजकीच. काका स्वतः, एक टेक्निशियन ताई आणि कॉम्प्युटरवर रिपोर्ट तयार करणारा विशीतला एक मुलगा. उपाशीपोटीच्या तपासण्यांसाठी लॅब सकाळी सातला उघडते. एक आठवडा ताई उघडतात, एक आठवडा तो मुलगा.

आता तक्रार ऐका. सकाळी नऊ-साडेनऊला पहिले रिपोर्ट तयार होतात. प्रिंट द्यायला जावं तर कॉम्प्युटर म्हणतो, प्रिंटर ऑफलाईन. प्रिंटर तर समोर हिरवा दिवा लावून बसलेला! कागद भरलेला, टोनर नवा. बाहेर पेशंट उभे, कुणाला लगेच डॉक्टरांकडे रिपोर्ट न्यायचाय. मग काय, रूटरचं बटण बंद करायचं, दहा आकडे मोजायचे, परत चालू करायचं. दोन-तीन मिनिटांनी प्रिंट धडाधड यायला लागतात. कधी एकदा करून भागतं, कधी दोनदा करावं लागतं. हा प्रकार आठ महिने चालू होता. नेटवर्कवाल्याला तीनदा बोलावलं. तो यायचा, रूटर बंद-चालू करायचा, प्रिंट काढून दाखवायचा, "सेटिंग कोणीतरी हलवतंय साहेब" असं म्हणून व्हिजिटचे पैसे घेऊन जायचा.

आणि काकांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. ज्या आठवड्यात ताई लॅब उघडतात, त्या आठवड्यात काहीही होत नाही. मुलगा उघडतो त्याच आठवड्यात होतं.

"हाच काहीतरी हात लावतो बघ," काका मला म्हणाले. "सकाळी कुणी नसतं. मोबाईल जोडून काय काय टाकत असणार कॉम्प्युटरवर. दिवाळीनंतर दुसरा मुलगा बघणार आहे मी."

तो मुलगा मला जिन्यात गाठून हळूच म्हणाला, "दादा, मी खरंच काही करत नाही हो. तुम्ही एकदा बघा ना."

मंडळी, आठ महिने रूटर बंद-चालू करून प्रश्न सुटत होता आणि त्याच आठ महिन्यांत एका मुलाची नोकरी जायची वेळ आली होती. माझं म्हणणं असं की या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. कारण शोधलं नाही की दोष हवेत राहत नाही, तो कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतो. आणि बसताना तो ऑफिसातल्या सगळ्यात लहान माणसाचं डोकं निवडतो.

मी काकांना म्हटलं, "काका, तुमच्याकडे कुणी आठ महिने येऊन-जाऊन ताप असलेला माणूस आला तर तुम्ही काय म्हणाल? तापाची गोळी घ्या आणि चालू लागा?"

"छे! आधी रक्त तपासायला नको?" काका पॅथॉलॉजिस्ट आहेत, त्यांचा सगळा धंदाच यावर उभा आहे.

"मग रूटरला गेले आठ महिने आपण गोळीच देतोय."

काका गप्प बसले. पण "बरं बघ मग उद्या सकाळी, नाहीतरी त्याचाच आठवडा आहे," असं म्हणाले. माझी सुट्टी गेली, पण असो.

आता रीस्टार्टने काम का होतं ते बघू, म्हणजे त्याच्यावर अन्याय नको. रूटर हा एक छोटा कॉम्प्युटरच असतो. कुणाला कुठला पत्ता दिला, कुठला पत्ता कुठल्या यंत्राचा आहे, कोण कुणाशी बोलतंय, अशा याद्या तो स्वतःजवळ ठेवतो. साध्या रूटरांत यातल्या बऱ्याच गोष्टी तात्पुरत्या मेमरीतच असतात. वीज गेली की पाटी कोरी. यादीत काही चुकीचं बसलं असेल तर कोऱ्या पाटीवर नव्याने लिहिताना ते बरोबर बसू शकतं. म्हणून काम होतं.

पण त्याच पाटीवर पुरावा पण असतो ना! काय चुकीचं बसलं होतं हे ज्या यादीत दिसलं असतं, ती यादीच आपण पुसली. चोरी झालेल्या घरात पोलीस यायच्या आत फरशी पुसून घ्यावी, तसला प्रकार. घर स्वच्छ दिसतं, चोर मात्र सापडत नाही, आणि उद्या परत येतो.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सात वाजता लॅबमध्ये. मी मुलाला सांगितलं, "तू रोज करतोस तसंच कर. मी फक्त बघत बसतो." त्याने मेन स्विच टाकला. रूटर सुरू झाला. त्याने झाडून घेतलं, रजिस्टर उघडलं, पेशंट घ्यायला लागला. प्रिंटर चालू केला तो पावणेनऊला, पहिला रिपोर्ट द्यायच्या आधी. आणि बरोबर ठरल्याप्रमाणे, ऑफलाईन!

"रूटर बंद करू?" त्याने सवयीने हात पुढे केला. म्हटलं, थांब. आज कुणी कशालाही हात लावायचा नाही. (एका पेशंटला रिपोर्ट पेन ड्राईव्हवर घालून शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून आणून दिला. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.)

नेटवर्क तपासायची पद्धत तशी सोपी आहे, आणि त्यासाठी इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. खालून वर जायचं. एका वेळी एकच गोष्ट बघायची, एकच गोष्ट बदलायची.

सगळ्यात खाली तार. केबल जिथे रूटरला लागते तिथला छोटा दिवा लागलाय का? तो नसेल तर वरचं सगळं शोधणं व्यर्थ. केबल खुर्चीच्या चाकाखाली चेपलेली असते, क्लिप तुटून अर्धवट बाहेर आलेली असते. तांब्याच्या नेहमीच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर असते, हे विसरून तीन मजले वळसे घालून ओढलेलीही असते. वायफाय असेल तर आपण नक्की कुठल्या वायफायला जोडलेलो आहोत? पाहुण्यांसाठी केलेल्या 'गेस्ट' वायफायवर असाल तर इंटरनेट मस्त चालेल, पण घरातला प्रिंटर दिसणार नाही. तो बिघाड नव्हे, ती मुद्दाम ठेवलेली भिंत असते.

त्याच्या वर पत्ता. विंडोजवर काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' ही कमांड दिली की आपला पत्ता दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजायचं की यंत्राने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. अशा यंत्राला दहा वेळा प्रिंटर जोडून काही उपयोग नाही. आधी पत्ता का मिळाला नाही ते बघा.

त्याच्या वर पोच. आधी रूटरला पिंग करा, मग समोरच्या यंत्राला. रूटर बोलतो आणि समोरचा बोलत नाही, तर शोध अर्ध्यावर आला. इथे एक फसगत मात्र आहे. विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असेल तर फायरवॉल पिंगला सहसा उत्तरच देऊ देत नाही. यंत्र धडधाकट असतं, फक्त अनोळखी माणसाशी बोलत नाही.

आणि सगळ्यात वर नाव आणि सेवा. पत्त्याने पोच आहे पण नावाने नाही, तर गडबड नावाची. दोन्ही आहे, पण फोल्डर उघडत नाही किंवा प्रिंट जात नाही, तर गडबड त्या सेवेची. इथे अपडेटही धुमाकूळ घालतात. २०१७च्या शेवटी आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून फाईल शेअर करायची सगळ्यात जुनी पद्धत नव्या इन्स्टॉलेशनमध्ये यायचीच बंद झाली. सुरक्षेच्या दृष्टीने बरोबर होतं, पण जुनी स्टोरेजची खोकी आणि स्कॅनर दिसेनासे झाले. सप्टेंबर २०२१च्या अपडेटनंतर तर एका कॉम्प्युटरवरून शेअर केलेले प्रिंटर कित्येक ऑफिसांत अचानक मुके झाले होते. अशा वेळी रूटर शंभरदा बंद करा, काय होणार?

आता लॅबमध्ये परत येऊ. तार ठीक, दिवा लागलेला. कॉम्प्युटरचा पत्ता ठीक, १९२.१६८.१.२. रूटर बोलतोय. प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.१०. त्याला पिंग केलं आणि... उत्तर आलं!

इथेच नेटवर्कवाला फसला असणार. पिंगला उत्तर म्हणजे पोच आहे, म्हणजे नेटवर्क ठीक, म्हणजे सेटिंग कुणीतरी हलवलंय. मीही क्षणभर तिकडेच चाललो होतो. पण उत्तरांचे वेळ विचित्र होते. एक सहा मिलिसेकंदांनी, दुसरं नव्वद, तिसरं एकशेचाळीस, एक आलंच नाही. तारेने जोडलेला, चार फुटांवरचा प्रिंटर असा अडखळत बोलत नाही. तो एका मिलिसेकंदाच्या आत बोलून मोकळा होतो.

मग एक अगदी बाळबोध गोष्ट केली. प्रिंटरची केबल काढून हातात धरली आणि मुलाला म्हटलं, "आता परत पिंग कर."

उत्तर आलं.

मुलगा माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. प्रिंटरची तार माझ्या हातात, आणि प्रिंटरच्या पत्त्यावरून कुणीतरी "मी आहे" म्हणून सांगतंय!

पुढचं सोपं होतं. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राचे दोन पत्ते असतात. एक आयपी, तो दिला-घेतला जातो. दुसरा मॅक, तो यंत्राचा स्वतःचा. स्थानिक नेटवर्कवर कॉम्प्युटर आधी सगळ्यांना ओरडून विचारतो, "अमुक आयपी कुणाचा आहे रे?" आणि ज्याचा असेल तो आपला मॅक कळवतो. या पद्धतीला एआरपी म्हणतात. १९८२ सालची आहे, आणि तिचा सगळा कारभार विश्वासावर चालतो. जो "माझा" म्हणेल त्याचा. पुरावा मागायची सोय नाही. कॉम्प्युटरने कुणाचं उत्तर लिहून ठेवलंय ते 'एआरपी -ए' या कमांडने दिसतं. आमच्या यादीत १९२.१६८.१.१० च्या समोर जो मॅक होता, तो प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवरचा नव्हताच. तो 'डीए' ने सुरू होत होता.

त्यातलं दुसरं अक्षर महत्त्वाचं. मॅकच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातून आलेला मॅक नाही, तो त्या यंत्राच्या सॉफ्टवेअरने स्वतः ठरवलेला असतो. आजकाल असं कोण करतं? मोबाईल. अँड्रॉईड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून मोबाईल वायफायला जोडताना खासगीपणासाठी खरा मॅक लपवून असा बनवलेला मॅक पुढे करतात. रूटरच्या यादीत बघितलं. तो मोबाईल त्या मुलाचाच होता.

"म्हणजे दादा... माझ्यामुळेच होत होतं?" त्याचा चेहरा उतरला.

आणि इथे मला कळलं की अर्धवट शोध किती घातक असतो. इथे थांबलो असतो तर काकांचं म्हणणं 'सिद्ध' झालं असतं. त्याच्याच आठवड्यात होतं, त्याच्याच मोबाईलमुळे होतं, घ्या, पुरावा! पण "कोण" सापडलं म्हणजे "का" सापडलं असं होत नाही.

का, ते असं. लॅब सुरू झाली तेव्हा नेटवर्क लावणाऱ्याने तिन्ही कॉम्प्युटरना हाताने २, ३, ४ आणि प्रिंटरला १० हा पत्ता घालून दिला होता. तेव्हाचा रूटर बाकीच्या यंत्रांना १०० पासून पुढचे पत्ते वाटायचा. कुणाची कुणाशी टक्कर नव्हती. मग फायबर आलं. कंपनीचा माणूस आला, जुना रूटर काढला, नवा बसवला. नवा रूटर पत्ते वाटायला सुरुवात करत होता बरोबर १० पासून. आठ महिन्यांपूर्वी! पहिल्याने काय केलं होतं हे दुसऱ्याला माहीत नव्हतं, कारण पहिल्याने ते कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं.

लॅबचा मेन स्विच रात्री बंद होतो. सकाळी रूटर उठतो तेव्हा त्याची यादी कोरी. जो पहिला येईल त्याला पहिला पत्ता. मुलाच्या खिशातला मोबाईल दोन मिनिटांत जोडला जायचा आणि त्याला १० मिळायचा. द्यायच्या आधी तो पत्ता कुणी वापरतंय का हे रूटरने तपासून बघावं असं नियम सांगतो, पण प्रिंटर तेव्हा बंदच असायचा, उत्तर कोण देणार? पावणेनऊला प्रिंटर उठायचा आणि हाताने घातलेला आपला १० घेऊन बसायचा. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं. कॉम्प्युटरकडे ज्याचं उत्तर नोंदलं गेलं त्याच्याकडे रिपोर्ट. मोबाईलकडे रिपोर्ट गेला तर तो बिचारा त्याचं काय करणार?

मग ताईंच्या आठवड्यात का नाही? ताईंचा मोबाईल लॅबच्या वायफायवर नव्हताच. शिवाय त्या आल्या आल्या सगळी बटणं एकदम चालू करतात, प्रिंटरसकट. आणि मुलाच्या मोबाईलमध्ये वायफायचा पासवर्ड कुणी घालून दिला होता? काकांनी, व्हॉट्सअ‍ॅपवर पेशंटना रिपोर्ट पाठवायला. बिनकामाचं काही नव्हतंच त्यात.

रीस्टार्टने बरं का वाटायचं, तेही आता कळलं. साडेनऊला रूटर बंद-चालू केला की प्रिंटर आधीच जागा असायचा. १० वापरात आहे हे रूटरला दिसलं तर तो मोबाईलला दुसरा पत्ता द्यायचा. रात्री मेन स्विच बंद, आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे रीस्टार्ट रोज खोटी साक्ष देत होता की "बघा, बरं झालं", आणि रात्रीचा दुसरा रीस्टार्ट रोज तोच आजार परत घेऊन येत होता.

काकांना सांगताना मी आयपी, एआरपी वगैरे काही बोललोच नाही. म्हटलं, "काका, दोन पेशंटच्या नळ्यांवर एकच नंबर पडला तर?"

काका खुर्चीत सरळच झाले. "अरे बाप रे. मग चूक नळीची कशी म्हणणार? नंबर कुणी टाकला ते बघायला पाहिजे."

दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. रूटरला पत्ते १०० पासून वाटायला सांगितलं. मग, हे फार महत्त्वाचं आहे, मुद्दाम वाईट क्रमाने करून बघितलं. सगळं बंद, आधी रूटर, मग मोबाईल, मग प्रिंटर. प्रिंट आली. परत रूटरचं सेटिंग जुनं केलं आणि तोच क्रम. प्रिंट गेली. पुन्हा नवं सेटिंग. प्रिंट आली. बिघाड हवा तेव्हा आणता आला आणि हवा तेव्हा घालवता आला, तरच कारण सापडलं म्हणायचं. नाहीतर तोही एक रीस्टार्टच.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा लॅबची गोष्ट काय घेऊन बसलास. तर मोठी गोष्ट सांगतो. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस या मोठ्या हॉस्पिटलचं नेटवर्क कोसळलं आणि सुमारे चार दिवस डॉक्टर-नर्स कागदावर काम करत होते. निमित्त झालं एका संशोधकाच्या प्रोग्रॅमचं, तो नेटवर्कवर प्रचंड डेटा ओतायला लागला. पण मूळ दुखणं वेगळं होतं. वर्षानुवर्षं तुकडे जोडत वाढवलेलं ते नेटवर्क स्पॅनिंग ट्री या पद्धतीला झेपेल त्यापलीकडे पसरलेलं होतं. ही पद्धत नेटवर्कमध्ये गोल फेरे होऊ देत नाही, पण तिला मर्यादा आहेत. तिथले माहितीप्रमुख जॉन हालाम्का यांनी हा सगळा प्रकार लपवून न ठेवता जाहीरपणे सांगितला, नेटवर्क नव्याने बांधलं, आणि ही घटना पुढे कित्येक जणांना शिकायला मिळाली. संशोधकाला काढून टाकून फाईल बंद करणं किती सोपं होतं! पण मग नेटवर्क तसंच राहिलं असतं, दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत.

आता दुसरी बाजू. "अरे, गर्दीच्या वेळी कारण शोधत बसायचं की रिपोर्ट द्यायचे?" हा काकांचा प्रश्न रास्तच आहे. पेशंट बाहेर उभा असताना मी पण रीस्टार्टच करेन. काही रूटरांचं सॉफ्टवेअरच असं असतं की आठवडाभराने गुदमरतं आणि रीस्टार्टशिवाय इलाज नसतो. माझा विरोध रीस्टार्टला नाही, रीस्टार्टनंतर "सुटला प्रश्न" म्हणून उठून जायला आहे.

आणि हे मी कुठल्या उंच पाटावर बसून बोलत नाहीये बरं का. आमच्या एका सर्व्हरवरचा प्रोग्रॅम मेमरी खात सुटायचा. मी काय केलं? रोज पहाटे तीनला तो आपोआप रीस्टार्ट होईल अशी सोय करून ठेवली आणि निवांत झोपलो. दीड वर्ष ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. लोड वाढला आणि प्रोग्रॅम दुपारीच मरायला लागला, तेव्हा सगळ्यांनी बोट दाखवलं ते त्या आठवड्यात कोड टाकलेल्या नव्या मुलीकडे. तिचा काही संबंध नव्हता. मीटिंगमध्ये मी ते सांगितलं खरं, पण दुसऱ्या दिवशी. एक रात्र तिने काय विचार करत काढली असेल हे मला मिरजेत त्या मुलाचा चेहरा बघितल्यावर कळलं.

म्हणून माझा साधा आग्रह आहे. रीस्टार्ट करायचा तर करा, पण आधी दोन मिनिटं द्या. किती वाजले, कोणती यंत्रं चालू होती, कोणतं आधी चालू झालं, हे लिहा. आयपीकॉन्फिग, पिंग आणि एआरपी -ए, या तिन्हींच्या उत्तरांचा मोबाईलने फोटो काढा. मग खुशाल बटण दाबा. पुरावा खिशात असला की फरशी पुसायला हरकत नाही. एकच दुखणं तिसऱ्यांदा आलं तर तो योगायोग नाही असं समजा आणि शनिवार-रविवार बघून शोधायला बसा.

आणि एक वही ठेवा. कुठल्या यंत्राला कुठला पत्ता, कुणी घातला, कधी बदलला. दोनशे पानी वहीचं एक पान पुरतं. लॅबमध्ये प्रत्येक नळीची नोंद रजिस्टरमध्ये होते, कुणी घेतली, किती वाजता, कुणी तपासली. ज्या तारांवरून ते रिपोर्ट जातात त्यांची नोंद मात्र कुठेच नव्हती. दोन माणसं दोन वेळा आली, दोघांनी आपापलं काम आपापल्या परीने बरोबर केलं, आणि मधल्या न लिहिलेल्या एका ओळीत तो मुलगा सापडला.

निघायच्या दिवशी लॅबमध्ये डोकावलो. प्रिंटरच्या वर भिंतीला एक कागद चिकटवला होता, चारही यंत्रांचे पत्ते आणि खाली तारीख. अक्षर त्या मुलाचं होतं, खाली सही काकांची. दुसरा मुलगा बघण्याचं काय झालं हे मी विचारलं नाही, काकांनीही सांगितलं नाही. फक्त चहा मागवला तेव्हा "त्याला पण सांग एक" म्हणाले.

आता तुमच्याकडून पुढच्या वेळी "नेट चालत नाहीये" असा फोन आला, तर मी आधी विचारणार आहे, "कधीपासून, आणि तेव्हा काय बदललं होतं?" फोन थोडा लांबेल. इलाज नाही.